मीटिंग मध्येच बंद पडते तेव्हा आधी काय बघायचं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी हल्ली ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलायचंच टाळते. बोलायला लागले की आवाज तुटतो, नाहीतर ॲपच बंद पडतं." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. लॅपटॉपचं काय, तो दुरुस्त होईल. पण त्याच्यापायी तू गप्प बसायला लागलीस, हे मला पटणारं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

सपोर्टच्या नोकरीत मी अशा तक्रारी वर्षानुवर्षं हाताळल्या. बहुतेक माणसं उपाय आधी करतात आणि दुखणं कुठे आहे ते नंतर शोधतात. तूही ॲप काढून परत टाकलंस, राउटर बंद-चालू केलास, हेडफोन बदललास, आणि सगळं एकाच संध्याकाळी. आता त्यातल्या कशाने काय फरक पडला ते कळायला मार्गच उरला नाही. यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदल, एक मीटिंग होऊ दे, काय झालं ते लिहून ठेव, मगच पुढच्या गोष्टीला हात लाव.

अडचण तीन ठिकाणी असू शकते: लॅपटॉपमध्ये, नेटवर्कमध्ये, किंवा खुद्द ॲपमध्ये. लक्षणांवरून बराच अंदाज येतो. समोरच्याचा आवाज चिरका, तुटक येतोय, चित्र गोठतंय, पण तुझा माउस नीट चालतोय, तर संशय नेटवर्कवर घे. माउससुद्धा अडखळतोय, पंखा घोंघावतोय, साधी फाइल उघडायला वेळ लागतोय, तर लॅपटॉप दमलाय. आणि बाकी सगळं ठीक असताना ॲपची खिडकी तेवढी नाहीशी होते, तर दोष ॲपचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचा. तुझ्या सांगण्यात आवाज तुटणं आणि ॲप बंद पडणं अशा दोन तक्रारी आहेत. त्यांचं कारण एकच असेल असं धरून चालू नकोस.

लॅपटॉपपासून सुरुवात कर, कारण ते तुझ्या हातात आहे. मीटिंग चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) आणि मेमरी या रकान्यांच्या वरचे टक्के बघ. क्षणभर वर जाऊन खाली येत असतील तर काळजी नाही. मिनिटभर नव्वदच्या वर चिकटून राहिले तर मात्र तिथेच थांब. त्या रकान्याच्या नावावर क्लिक केलंस की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. बरेचदा तो मीटिंगचा नसतोच. ब्राउझरचे उघडे टॅब असतात, अँटिव्हायरसचं स्कॅन असतं, किंवा पाठीमागे चाललेलं अपडेट.

मग पार्श्वभूमी धूसर करायचा पर्याय बंद कर आणि परत टक्के बघ. चित्र सेकंदाला पंचवीस-तीस वेळा बदलतं, आणि त्या सगळ्या वेळात प्रोग्रामला तुझी बाह्याकृती मागच्या भिंतीपासून वेगळी काढत बसावं लागतं. साध्या लॅपटॉपला हे काम जड जातं. सगळ्यांचे चेहरे एकदम दाखवणारी गॅलरीही तशीच, कारण प्रत्येकाचा व्हिडिओ उलगडावा लागतो. फक्त बोलणारा दिसेल असा व्ह्यू ठेव. कॅमेरा बंद करायची वेळ शेवटी येते, आधी हे दोन करून बघ.

टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू निवड. तिथे 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' असे दोन आकडे दिसतील. समज, बेस २.४ गिगाहर्ट्झ आहे आणि सीपीयूवर पूर्ण भार असतानाही स्पीड एकच्या खाली अडकलाय. मग प्रोसेसरला मुद्दाम आवरलं जातंय: एकतर तो तापलाय, किंवा लॅपटॉप बॅटरी वाचवायच्या मोडवर आहे, किंवा चार्जर कमी वॅटचा आहे. गादीवर किंवा मांडीवर ठेवून मीटिंग घेऊ नकोस, खालची हवेची छिद्रं बंद होतात. आणि लॅपटॉपबरोबर आलेलाच चार्जर वापर.

तिथेच 'अप टाइम' लिहिलेला असतो, तोही बघ. तू रोज शट डाउन करतेस, तरी तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसला तर चकित होऊ नकोस. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावरही सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खऱ्या अर्थाने नव्याने सुरुवात होते ती 'रीस्टार्ट' केल्यावर. महत्त्वाच्या मीटिंगच्या अर्धा तास आधी रीस्टार्ट करून बघ. इतक्या साध्या गोष्टीने सुटलेल्या तक्रारी मी खूप पाहिल्यात.

आता नेटवर्क. तू म्हणालीस, स्पीड टेस्टमध्ये शंभर एमबीपीएस येतात, मग नेटचा प्रश्न कसा असेल? असू शकतो. झूमच्याच आकड्यांनुसार दोघांच्या ७२०पी कॉलला साधारण १.२ एमबीपीएस पुरतात, आणि नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. स्पीड टेस्ट मोठा आकडा दाखवते, पण आवाज ज्या छोट्या तुकड्यांत पाठवला जातो ती पाकिटं वेळेवर आणि सारख्या अंतराने पोचतात का, हे त्या आकड्यातून कळत नाही. मधली काही गळाली किंवा उशिरा आली की शब्द तुटतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय. त्यापलीकडे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. तुझ्या मीटिंगमध्ये नेमकं तसंच होतं ना?

हे तपासायला पिंग हे साधन उत्तम: ते एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवतं आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टच्या शोधात cmd टाइप केलंस की उघडणारी खिडकी) 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप केलंस की 'डिफॉल्ट गेटवे'समोर राउटरचा पत्ता मिळेल. त्याला 'उणे टी' लावून पिंग कर (ping, मग तो पत्ता, मग -t) आणि चालू ठेव. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला तसंच पिंग लाव. दोन्ही खिडक्या मीटिंगच्या शेजारी ठेव आणि आवाज तुटला की लगेच तिकडे नजर टाक. राउटरकडून येणारं उत्तर एरवी दोन-चार मिलिसेकंदांत येतं. तेच दोनशे-तीनशेवर उडी मारत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर गडबड तुझ्या वायफायमध्ये आहे. राउटर शांत आणि बाहेरचा आकडाच बिघडतोय, तर घराबाहेर जाणारी लाइन अडतेय. मग इंटरनेट कंपनीला फोन करताना तुझ्या हातात काहीतरी ठोस असेल.

वायफायचं निघालं तर ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोड. २.४ चा पट्टा लांब पोचतो, पण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशा सगळ्यांची तिथे गर्दी असते. मध्ये दोन भिंती असतील तर मात्र ५ चा सिग्नल मंदावतो, तेव्हा राउटरच्या जवळ बस. सर्वांत खात्रीचा उपाय केबल. बाहेरची लाइन अडत असेल तर आधी बघ की त्या वेळी कोणी मोठ्या फाइल वर चढवत नाहीये ना. क्लाउडचं सिंक, फोनमधल्या फोटोंचा बॅकअप यांनी अपलोड भरून जातं, आणि आवाजाची पाकिटं त्या रांगेत मागे उभी राहतात. मीटिंगपुरतं सिंक थांबव.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीबद्दल, एकच सांगते: ते स्वतः बंद करू नकोस. मीटिंगचा आवाज आणि व्हिडिओ शक्यतो यूडीपीने जातो, म्हणजे हरवलेलं पाकीट परत मागत न बसणाऱ्या झटपट पद्धतीने. व्हीपीएनमुळे वळसा पडला किंवा यूडीपी अडलं की दर्जा घसरतो. मीटिंगची वाहतूक व्हीपीएनबाहेरून थेट न्यायची सोय असते, पण तो निर्णय आयटीवाल्यांचा. तू फक्त विचार.

उरलं ॲप बंद पडणं. स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी' टाइप कर, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. तारखांच्या तक्त्यात जिथे लाल फुली आहे तिथे क्लिक कर, मग नोंदीचे तांत्रिक तपशील उघड. 'फॉल्ट मॉड्यूल नेम' (बिघाड ज्या फाइलमध्ये झाला तिचं नाव) लिहिलेलं असेल तर त्यापुढचं फाइलचं नाव उतरवून घे. ते ग्राफिक्स ड्रायव्हरचं निघालं तर ॲप शंभरदा काढून टाकलंस तरी फरक पडणार नाही. त्याच मीटिंगला एकदा ब्राउझरमधून जाऊन बघ. ब्राउझरमध्ये सुरळीत चाललं तर संशय ॲपवरच घट्ट होतो. मग सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत त्याचे 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघड. तिथे 'रिपेअर' असेल तर आधी ते, आणि नाहीच जमलं तर 'रीसेट'. रीसेटनंतर परत लॉगिन करावं लागेल. टीम्सचे चॅट सर्व्हरवर असतात, ते जात नाहीत.

लॅपटॉप कंपनीचा आहे, तेव्हा ड्रायव्हर स्वतः टाकणं किंवा अँटिव्हायरस बंद करणं, यातलं काहीच करू नकोस. आयटीकडे तक्रार टाक, पण "मीटिंग नीट चालत नाही" एवढंच लिहू नकोस. त्यावर "रीस्टार्ट करा" एवढंच उत्तर येतं. तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ दे. टीम्स आणि झूम दोन्हींत ॲडमिनला एखाद्या ठरावीक कॉलमधली गळती आणि उशीर मागाहून बघता येतो, पण त्यासाठी कॉल कोणता ते कळायला हवं. सोबत टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट, त्या मॉड्यूलचं नाव आणि पिंगचे आकडे जोड. मेमरी सतत भरलेली दिसत असेल तर वाढवून माग, संकोच करू नकोस. तुझ्या कामाचं साधन आहे ते.

हे सगळं मार्गी लागेपर्यंत, मीटिंगच्या निमंत्रणात फोनचा नंबर असेल तर आवाज फोनवरून घे आणि लॅपटॉपवर फक्त स्क्रीन ठेव. लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद कर, नाहीतर आवाज घुमेल.

पहिल्या मीटिंगचे आकडे हाती आले की मला पाठव. रात्री आपण दोघी एक कॉल लावून बसू. तुझ्याकडे पिंग चालू ठेव, मी तुझा आवाज ऐकत कुठे तुटतो ते सांगत जाईन.

तुझी,
आई