उचलून आणा म्हणणं सोपं आहे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकाने लिहिलंय की 1993 च्या मुंबई स्फोटांतल्या अबू सालेमला 25 वर्षांनी सोडायची काही गरज नाही, त्याला आपल्या ताब्यात घेताना पोर्तुगालला दिलेला शब्द आपण कशाला पाळायचा, एवढासा देश, काय करणार आहेत ते आपलं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी रिटायर्ड बँकवाला, शेवटची बरीच वर्षं वसुली आणि कोर्टाच्या फायलींत गेली, त्यामुळे पळून गेलेल्या लोकांच्या बातम्या मी जरा जास्तच वाचतो. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर तर यावर ठरलेला डायलॉग आहे, विमान पाठवा आणि उचलून आणा. अहो, तो काय नो पार्किंगमधली स्कूटर आहे का टोइंगवाल्याने उचलायला?

प्रत्यार्पणाचा, म्हणजे पळालेला आरोपी परत देण्याचा, करार आहे म्हणजे समोरचा देश माणूस देणारच असं नसतं, आपल्याला रीतसर मागता येतं एवढंच. ब्रिटनचंच बघा, करारावर सही 1992 ची, लागू झाला 1993 मध्ये, आणि त्याखाली लंडनहून पहिला माणूस आपल्याकडे आला तो 2016 मध्ये, आणि तोसुद्धा स्वतःच यायला तयार झाला म्हणून! का, तर सीबीआय नाहीतर ईडी कागद बनवणार, ते परराष्ट्र मंत्रालयातून तिकडच्या होम ऑफिसला, म्हणजे गृहखात्याला, जाणार, तिथं सर्टिफाय झाले की वेस्टमिन्स्टरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातून वॉरंट निघणार आणि मग अटक. आणि ते कोर्ट हा माणूस चोर आहे का हे ठरवतच नाही, ते आपल्या कोर्टाचं काम. ते बघतं की आरोप तिकडच्या कायद्यातही गुन्ह्यात बसतो का, खटला चालवण्याइतका पुरावा दिसतो का, फाशीची भीती आहे का आणि तुरुंगात त्याला माणसासारखं ठेवणार का. एवढं होऊन कोर्ट हो म्हणालं तरी सही गृहमंत्र्याची लागते, वर हायकोर्टात अपील आहेच.

यातल्या पुराव्यावर आपण किती मार खातो ते मला विचारा. माझ्या नोकरीत एका कर्जाची फाईल कोर्टातून परत आली होती, कारण काय तर मूळ करारनाम्याची प्रमाणित प्रत जोडलेली नव्हती, साधी झेरॉक्स होती. चार महिने गेले. हे इथल्या इथे, मग लंडनच्या जजसमोर काय होत असेल. बँकांची कर्जं बुडवून लंडनला गेलेल्या विजय मल्ल्याच्या केसमध्ये तर तिथल्या जजबाईंनी पुराव्याची तुलना तुकडे जोडायच्या जिगसॉ कोड्याशी केली होती.

त्याच केसमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाचा व्हिडिओ. मल्ल्याचे वकील म्हणाले बारा नंबर बराकीत उजेड नाही, हवा नाही. आपण फोटो दिले होते, पण जजबाई म्हणाल्या फोटो नको, भर दुपारी दिवा न लावता कॅमेरा आत नेऊन दाखवा, खिडकीतून उजेड येतो का ते मला बघायचंय. म्हणजे हजारो कोटींची केस आणि मुद्दा काय, तर मुंबईतल्या एका खोलीत दुपारी ऊन येतं का! लोक हसले, मी नाही हसलो. तो व्हिडिओ आणि तिथं कसं ठेवू याचं आपल्या सरकारने लिहून दिलेलं आश्वासन, यावर डिसेंबर 2018 मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. नीरव मोदीच्या वेळीही तीच बराक आणि तसंच आश्वासन. मल्ल्याचं पुढे काय झालं ते माहीतच आहे, मे 2020 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचा दरवाजाही बंद झाला, नियमाने 28 दिवसांत पाठवायला हवा होता, तर ब्रिटिश सरकार म्हणालं एक गोपनीय कायदेशीर बाब बाकी आहे, आणि गाडी तिथंच अडकली.

करारातला एक शब्द किती वर्षं खातो ते 26/11 च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाच्या केसमध्ये दिसलं. अमेरिकेशी आपला करार 1997 चा. त्यात कलम आहे की ज्या गुन्ह्यात तिकडे शिक्षा किंवा सुटका झालीय त्याच गुन्ह्यासाठी माणूस देणार नाही. राणा 26/11 च्या आरोपातून 2011 मध्ये शिकागोत सुटलेला (लष्कर-ए-तोयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या एका वर्तमानपत्रावर हल्ल्याचा कट यात शिक्षा झाली ते वेगळं), मग वकिलांनी तेच धरून ठेवलं. गुन्हा म्हणजे घडलेली घटना की कायद्यातलं कलम? कोर्टं म्हणाली कलमाचे घटक बघायचे, आणि भारताचे आरोप वेगळे ठरतात. मॅजिस्ट्रेटने मे 2023 मध्ये हो म्हटलं आणि माणूस दिल्लीत उतरला 10 एप्रिल 2025 ला. त्याच हल्ल्यातला त्याचा साथीदार हेडली मात्र येत नाही, त्याने गुन्हा कबूल करतानाच प्रत्यार्पण नाही असं लिहून घेतलं. अमेरिकेने त्याला दिलेला शब्द अमेरिका पाळते, आपल्याला कितीही चीड आली तरी.

आणि आता सालेम. 2002 मध्ये लिस्बनला पकडला तेव्हा पोर्तुगालशी आपला करारसुद्धा नव्हता, तो 2007 चा. त्या देशात फाशी नाही आणि जन्मठेपही नाही, म्हणून अडवाणींनी उपपंतप्रधान असताना लेखी हमी दिली की फाशी देणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त ठेवणार नाही. त्या कागदावर तो नोव्हेंबर 2005 मध्ये मुंबईत आला. मग आपण काय केलं, जे गुन्हे मागणीत नव्हते तेही आरोप वर लावले, त्यावर 2011 मध्ये पोर्तुगालच्या कोर्टाने प्रत्यार्पणच रद्द ठरवलं आणि शेवटी ते जादा आरोप मागे घ्यायची वेळ आपल्यावर आली. 1993 च्या स्फोटांसाठी 2017 मध्ये जन्मठेप झाली, पण जुलै 2022 मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 25 वर्षं भरली की सरकारला दिलेला शब्द पाळावा लागेल.

मला सालेमचा पुळका नाही. स्फोट झाले त्या शुक्रवारी मी फोर्टात ड्युटीवर होतो, दुपारचा तो आवाज अजून कानात आहे. पण तुमच्या त्या वाचकाला एवढंच विचारायचंय, आपण लिहून दिलेलं पाळत नाही असं एकदा दिसलं की पुढच्या केसमध्ये लंडनचा जज आपल्या बराकीच्या आश्वासनावर विश्वास का ठेवेल? आरोपीचे वकील तर सालेमचाच कागद पुढे करतील.

जाता जाता तुम्हालाही एक विनंती. "लवकरच भारतात" असं हेडिंग तुम्ही दर वेळी देता, मल्ल्याचं मी तीनदा वाचलंय. त्याऐवजी केस कोणत्या कोर्टात आहे आणि अजून किती अपिलं बाकी आहेत एवढं खाली एका ओळीत छापा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली