तबकडी वाकडी आली आणि दोष परभणीच्या उन्हाला

परभणी
दि. 2 जून 2023

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग, मुंबई

विषय : आगाऊ पैसे भरलेला मेटालिका या बँडचा '72 सीझन्स' हा अल्बम 38 दिवस उशिरा आणि वाकलेल्या अवस्थेत मिळाल्याबाबत.

महोदय,

परभणीच्या मोंढ्यात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. वरील अल्बमच्या दोन तबकड्यांच्या संचासाठी मी 2 डिसेंबर 2022 रोजी आपल्याकडे 3,899 रुपये भरले. अर्धे नाही, पूर्ण. 'आजच नोंदणी करा, प्रकाशनाच्या दिवशी घरपोच' असं आपणच लिहिलं होतं. अल्बम 14 एप्रिल 2023 ला जगभर प्रकाशित झाला. माझ्या हातात आला 22 मेला. त्यातली पहिली तबकडी टेबलावर सपाट ठेवली तर एका कडेखालून माझं बोट आरपार जातं.

मध्यंतरी आपल्या मदत कक्षातली मुलगी मला म्हणाली, "सर, गाणी ॲपवर आहेतच की, तोवर तिकडे ऐका." पोरीचा दोष नाही, तिला समोर जे लिहून दिलंय ते ती वाचते. पण माझं नुकसान नेमकं काय झालं हे आपल्या कंपनीत कुणालाच कळलेलं नाही असं दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा बँड मी 1997 पासून ऐकतो. इथल्या कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवर एका सीनियरकडे त्यांच्या 1991 च्या काळ्या कव्हरच्या अल्बमची कॅसेट होती, तिथून सुरुवात. 2011 च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा भारतात येणार म्हटल्यावर मी आणि माझा मित्र भाऊबीज उरकून त्याच रात्री गाडीत बसलो. त्याच दिवशी त्यांचा गुडगावचा कार्यक्रम झालाच नाही, लोक स्टेजवर चढले, नासधूस झाली. घरून फोनवर फोन, परत फिरा म्हणून. आम्ही फिरलो नाही. 30 तारखेला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर उभं राहून ते ऐकलं.

ही मंडळी नवीन काम फार सावकाश देतात. 2008 चा अल्बम, त्यानंतरचा थेट 2016 ला, आणि त्यानंतर हा. जवळजवळ साडेसहा वर्षं. 28 नोव्हेंबरला घोषणा झाली आणि त्याच दिवशी पहिलं गाणं बाहेर आलं. मार्च संपेपर्यंत एकूण चार गाणी आली. मी त्यातलं एकही ऐकलं नाही. ठरवलंच होतं, की ऐकायचं तर तबकडीवर, पहिल्यापासून, क्रमाने, सगळी बाराच्या बारा. माझ्या मित्राला दम निघाला नाही, त्याने सगळं ऐकलं. त्याचं स्टेशन रोडला मोबाइलचं दुकान आहे. मी पायरी चढलो की तो गाणं बंद करायचा. साडेचार महिने त्या माणसाने हे पाळलं.

नावाचा हिशेबही त्यानेच लावला. बहात्तर ऋतू म्हणजे त्यांच्या चार ऋतूंच्या हिशेबाने अठरा वर्षं, जन्मापासून सज्ञान होईपर्यंतची. आपले ऋतू सहा, म्हणजे आपली बारा वर्षं, एक तप. "बंगळुरू 2011, अल्बम 2023. आपले बहात्तर भरले बघ," तो म्हणाला. सहा महिन्यांचा घोळ आहे त्यात, पण मी हुज्जत घातली नाही.

आता आपलं काम. 14 एप्रिलला जयंती. परभणीत त्या दिवशी रस्ते मिरवणुकांनी भरलेले असतात, कुरियरवाला येणार कुठून? म्हणून मी 12 लाच फोन केला. "उद्या निघेल" असं उत्तर मिळालं. निघालं 26 ला. 9 मेला पार्सल परभणीत आल्याचा निरोप आला आणि संध्याकाळी दुसरा निरोप : 'ग्राहक उपलब्ध नाही'. महोदय, खरिपाच्या तोंडावर बियाणाचा दुकानदार मोंढ्यात उपलब्ध नाही, हे वाचून शेजारचे आडतदारसुद्धा हसले. सकाळी नऊपासून मी गल्ल्यावर होतो. माझा फोन एकदाही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः त्या कुरियरच्या गोदामात गेलो. गोदाम म्हणजे पत्र्याचं शेड. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा, पंखा फक्त टेबलावर बसलेल्या पोराच्या डोक्यावर. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. आतल्या भिंतीला चौकोनी खोकी तिरकी टेकवलेली. "माझं यातच असेल, शोधून दे," म्हटलं, तर "सिस्टीममध्ये परत पाठवलेलं दाखवतंय, देता येत नाही." त्यानंतर ते कुठे कुठे फिरलं माहीत नाही, माझ्याकडे आलं बारा दिवसांनी.

खोकं मी मोबाइलवर चित्रण करत फोडलं, ते चित्रण सोबत पाठवलं आहे. पिवळं कव्हर चांगलं आहे. पहिली तबकडी लावली. दर फेऱ्याला सुई वर चढायची आणि धपकन खाली यायची, नांगरटीतून बैलगाडी जावी तशी, आणि तिच्याबरोबर सूरही हेलकावे घ्यायचा. मिनिटभरसुद्धा ऐकवलं नाही. सुई उचलून ठेवली. दुसरी तबकडी मी लावलेलीच नाही.

यावर आपलं उत्तर आलं, की 'उष्ण हवामानामुळे झालेलं नुकसान ग्राहकाच्या हाताळणीत मोडतं'. माझ्या घरी ती तबकडी तासभरही नव्हती तेव्हाचं हे चित्रण आहे. परभणीचं ऊन कडक आहे, मान्य. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. प्लॅस्टिकची तबकडी आडवी दाबून किंवा तिरकी टेकवून तापवली की वाकते, हे तबकड्या विकणाऱ्याला माहीत असायला हवं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक 14 तारखेला ऐकतं आणि आमचं पार्सल पत्र्याखाली शिजतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही गमतीने म्हणतो, पण पैसे तर आम्ही तेवढेच भरले ना?

माझ्या धंद्यातही आगाऊ नोंदणी चालते. शेतकरी मे महिन्यात सोयाबीनच्या बॅगेचे पैसे ठेवून जातो. त्याला मी जुलैअखेर बॅग दिली आणि वर फुटलेली दिली, तर तो 'उष्ण हवामान' वगैरे ऐकून घेणार नाही. दुकानासमोर उभा राहून माझी सात पिढ्यांची ओळख काढील, आणि ते बरोबरच आहे.

माझ्या मागण्या : सरळ, न वाकलेला नवीन संच पाठवा आणि तो त्या शेडमध्ये मुक्कामाला ठेवू नका. साठा नसेल तर 3,899 रुपये परत करा. आणि 9 मेची 'ग्राहक उपलब्ध नाही' ही नोंद खोटी आहे, ती खोडा. याबाबत मला पैशांइतकाच राग आहे.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझी पहिली तक्रार 23 मेची आहे, म्हणजे मुदत 23 जूनला संपते. त्यानंतर मी इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. तारखेला मला मुंबईला यावं लागणार नाही, आपल्यालाच परभणीला यावं लागेल.

आपला ग्राहक
(सही, नाव व पत्ता सोबतच्या पावतीप्रमाणे)

ता. क. मित्र अजूनही मला बघितलं की गाणं बंद करतो. त्याचं गिऱ्हाईक आता विचारायला लागलंय. लवकर कळवा.