राज्यघटना आणि पवित्र शास्त्र : साताऱ्याच्या मित्रास पत्र

मिरज, जि. सांगली
१७ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी मी उत्तर लिहिले नव्हते. कारण त्यातील एका वाक्याला घाईने उत्तर देणे मला बरे वाटेना. ‘कोल्हापूरला विद्यापीठात जाऊ लागल्यापासून तुझ्या तोंडी पवित्र शास्त्रापेक्षा राज्यघटना जास्त येते,’ असे तू लिहिलेस. ते तू काळजीपोटी लिहिलेस हे मी जाणतो, म्हणूनच मनात काय चालले आहे ते सविस्तर सांगतो.

प्रबंधाच्या निमित्ताने गेले वर्षभर मी एकोणिसाव्या शतकातील मिशन शाळांविषयी वाचतो आहे. शब्बाथशाळेत आपण ऐकलेला इतिहास सरळ होता : मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने उघडले. तो खोटा नाही, आणि मिरजेच्या माणसाने तर तो खोटा म्हणूच नये, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभे केले, त्याचा उपयोग आजपर्यंत कोणाकोणाला झाला हे येथे घरोघरी ठाऊक आहे. पण त्या इतिहासाला आणखी एक पान आहे. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतील मिशनरी संस्थेचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात आले, इंग्रजी शाळांपेक्षा मराठीतून उपदेश आणि मंडळ्यांची, म्हणजे स्थानिक चर्चच्या समाजांची, वाढ यांवर भर द्यावा असे ठरले, आणि बोर्डाच्या येथल्या मराठी मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. हे वाचले त्या रात्री मला प्रार्थना सुचेना. शेजाऱ्याचे मूल शिकते आहे, एवढे कारण शाळा चालू ठेवायला पुरेसे नव्हते काय?

या प्रश्नाचा उलगडा मला तुमच्या साताऱ्याकडच्याच एका घराण्यात झाला. कटगुणहून पुण्याला गेलेल्या घराण्यातले जोतीराव फुले १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेथे ते शिकले, पण बाप्तिस्मा त्यांनी कधीच घेतला नाही. केवळ बाप्तिस्म्यांचा हिशेब ठेवणाऱ्या वहीत असा विद्यार्थी वायाच गेलेला दिसला असता. त्याच जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यांच्या पत्नी, नायगावच्या सावित्रीबाई तेथे शिकवायला उभ्या राहिल्या, आणि १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मांडले की महसूल रयतेच्या कष्टातून येतो, मग तिच्याच मुलांचे प्राथमिक शिक्षण मागे का? मिशन शाळेला आलेले हे फळ मंडळीच्या कुंपणाबाहेरचे आहे, म्हणून ते देवाच्या राज्याचे नाही असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. तीच गोष्ट भाऊराव पाटलांची. ते जैन घरात जन्मलेले. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवली, आणि पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. तो दाखला मी, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शमरोन्याच्या, येशूने सांगितलेल्या दाखल्याशेजारी ठेवतो.

आता आपल्या मंडळीकडे पाहा. माझ्या आठवणीत आमची पंच कमिटी सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेली ती दफनभूमीच्या जागेसाठी. सभांमधून ठराव झाले ते १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाविषयी. त्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, पण ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही त्या मिळत नाहीत. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. दुसरी तर माझ्या स्वतःच्या घराची आहे आणि मी ती सोडणार नाही. मला टोचते ते इतकेच, की दोन्ही आपल्यापुरत्या आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत चढली, तेव्हा आमच्या बायामाणसांनी आठवडाभर मोठमोठ्या पातेल्यांतून खिचडी शिजवली आणि कोणालाही जात किंवा धर्म विचारला नाही. तो आठवडा आठवला की आजही ऊर भरून येतो. पण पाणी ओसरल्यावर पूररेषेच्या आत घरे बांधू कोणी दिली, हा प्रश्न गावात निघाला, तेव्हा आम्ही सगळे गप्प बसलो. ‘ते राजकारण आहे,’ असे वडीलधारे म्हणाले. बुडालेल्याला जेवू घालणे हे विश्वासाचे काम, आणि तो पुन्हा बुडू नये म्हणून विचारपूस करणे मात्र राजकारण, हा भेद मला शास्त्रात कोठे सापडत नाही. दर रविवारी आपण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो. मग सोमवारी त्यांना प्रश्न विचारायला का कचरतो?

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना पत्र लिहिले, ते तुला पाठ आहे. घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा, असे त्याने कळवले. ते तर परमुलखात होते. आपण कृष्णाकाठचे आहोत, आपल्या आज्या याच मातीत ओव्या म्हणत दळत होत्या. मग आपल्या गावाचे हित पाहण्याची जबाबदारी आपल्यावर किती अधिक असेल! राज्यघटना माझ्या तोंडी येते ती या वाटेने. तिने मला शास्त्रापासून दूर नेलेले नाही. माझी प्रार्थना थोडी अवघड झाली आहे, हे मात्र खरे. पूर्वी मी मागत असे, आता बराच वेळ ऐकत बसावे लागते.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून एक मराठी शाळा आहे. तेथे दोन वर्गांना मिळून एक शिक्षक आहे आणि त्या मुलांमध्ये आपल्या मंडळीचे एकही मूल नाही. नाताळाआधीच्या कमिटीच्या बैठकीत, या शाळेला शिक्षक मिळावा म्हणून मंडळीने अर्ज करावा, असा विषय मी मांडणार आहे. विरोध होईल. तू सुट्टीत येशीलच, तर दोन दिवस आधी ये आणि त्या बैठकीला माझ्याजवळ बस. तुला पटले नाही तर तसे सर्वांसमोर बोल; पण ये.

आजीला माझा सलाम सांग, आणि तिचा गुडघा आता कसा आहे ते कळव.

तुझाच,
मिरजकर मित्र