शून्य कुठून आलं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात डासअळ्यांच्या एका सर्वेक्षणाची बातमी होती. बहुतेक घरांत शून्य अळ्या, म्हणून वस्ती सुरक्षित. आणि चाळींपेक्षा बंगल्यांच्या भागात अळ्या दुप्पट, असा तिचा आशय. मी नागपुरात ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. हे दोन्ही निष्कर्ष वाचून मला राहवलं नाही.

आधी शून्याचं. शून्यं पुष्कळ आहेत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी १८९८ साली प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने दगावलेल्या सैनिकांचे आकडे छापले. २०० नोंदींत (एक नोंद म्हणजे एका सैन्यविभागाचं एक वर्ष) १२२ मृत्यू, आणि १०९ नोंदी शून्याच्या. निम्म्याहून जास्त शून्यं! तरी सरासरी ०.६१ धरली तर विरळ, सुट्या घटनांच्या मोजणीला लावतात त्या साध्या पॉयसन नियमानेच सुमारे १०९ शून्यं अपेक्षित असतात. घोडे शांत झाले होते असा त्याचा अर्थ नाही. घटनाच विरळ होती.

आपल्याकडे तसं नसतं. समजा १०० घरं तपासली आणि अळ्या असलेली भांडी दर घरी सरासरी अर्धं निघालं. पॉयसनच्या हिशेबाने ६१ घरं शून्याची असावीत. निघाली ८५, तर पाणी कुठे मुरतंय? एक शक्यता अशी की काही घरांत खूप भांडी आणि बाकीच्यांत कमी, एवढाच फरक आहे. तो ऋण द्विपद मॉडेलही, म्हणजे पॉयसनपेक्षा जास्त चढउतार मानणारं मॉडेलही, सांभाळून घेतं. दुसरी अशी की काही घरांत पाणी साठतच नाही, तिथे अळी होणंच शक्य नाही. डायेन लँबर्ट यांनी १९९२ मध्ये सर्किट बोर्डांवरच्या सोल्डरिंगच्या दोषांसाठी हीच मांडणी केली: यंत्र अगदी नीट लागलेलं असेल तर दोष होत नाही, बिघडलेलं असेल तर होऊ शकतो, पण तेव्हाही एखादा बोर्ड निर्दोष निघतो. म्हणजे शून्य दोन वाटांनी येतं.

आता ते ‘दुप्पट’. अशा मॉडेलला झिरो-इन्फ्लेटेड (जास्तीच्या शून्यांचं) मॉडेल म्हणतात. त्याचे दोन भाग असतात: एक जास्तीच्या शून्याचा, दुसरा मोजणीचा. मोजणीच्या भागातला सहगुणक लॉगच्या मापात असतो; तो ०.६९, म्हणजे २ चा लॉग, आला की ‘दुप्पट’ म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण फक्त अळ्या होऊ शकतात अशा घरांपुरतं. समजण्यासाठी माझेच आकडे घेते. बंगल्यांच्या भागात अशी घरं २० टक्के आणि त्यांत सरासरी २ भांडी. चाळींत ५० टक्के आणि सरासरी १. मोजणीचा भाग बंगल्यांना दुप्पट ठरवेल. पण सगळी घरं धरून घरामागे बंगल्यांत ०.४ येतात आणि चाळींत ०.५. औषधफवारणी कुठे आधी करायची, हे या दुसऱ्या हिशेबावर ठरतं.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी एम.एस्सी.च्या प्रकल्पात अशाच मॉडेलचं संगणकावरचं आउटपुट घेऊन माझ्याकडे आली होती. शून्याच्या भागात ‘उघडी टाकी’ला ऋण चिन्ह बघून ती रडवेली झाली. तिला वाटलं, उघड्या टाकीने अळ्या कमी होतात. अहो, तो भाग जास्तीच्या शून्याची शक्यता सांगतो. चिन्ह ऋण म्हणजे शून्य राहण्याची शक्यता कमी! ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या पीएससीएल पॅकेजात झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलला असं असतं, आणि त्याच पॅकेजात हर्डल नावाच्या दुसऱ्या मॉडेलचा शून्याचा भाग उलट, शून्य ओलांडण्याची शक्यता सांगतो. त्यामुळे चिन्ह वाचण्याआधी तो भाग कशाची शक्यता मोजतो, ते विचारावंच लागतं.

आणि एक शून्य असं आहे की त्याला कुठलंच मॉडेल पुरत नाही. आमच्या शेजारचे पुण्याला मुलाकडे गेले होते. दाराला कुलूप, तरी तपासणीच्या कागदावर त्यांच्या घरापुढे शून्य लिहिलं गेलं. भर उन्हात दारोदार फिरणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. त्या कागदावर ‘घर बंद’ असा रकानाच नव्हता. पावसाळ्यात शेजारी परतले तेव्हा मागच्या खिडकीतल्या कूलरच्या टाकीत अळ्या वळवळत होत्या. “टाकी तर कोरडी करून गेलो होतो ना बाप्पा,” ते म्हणाले. कोरडी केली, पण घासली नव्हती. एडिस डासाची अंडी टाकीच्या कडेला कोरडी चिकटून महिनोनमहिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. म्हणून नागपूरच्या खिडकीतला कोरडा कूलर पाहून ‘इथे अळी होणारच नाही’ असं धरू नये.

माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा तपासलेली घरं, बंद घरं, पाणी साठवायचं भांडंच नसलेली घरं आणि भांडी असून अळ्या न सापडलेली घरं असे चार रकाने मागून घ्या. दुपटीचा दावा कुणी केला तर तो कोणत्या घरांपुरता आहे, ते त्याच ओळीत लिहा. हे रकाने भरून कोणी तक्ता दिला, तर तो वाचायला मी स्वतः आपल्या कार्यालयात यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापिका,
त्रिमूर्तीनगर, नागपूर