पुनर्वसनाच्या आराखड्यात किशोरवयीन मुले कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की दरडप्रवण गावांच्या याद्या, स्थलांतराच्या नोटिसा आणि जुन्या दुर्घटनांतील पुनर्वसनाचे आढावे आपल्या दैनिकात वाचायला मिळतात. किती घरे बांधून झाली, किती अनुदान वाटले, याचा हिशेब त्यांत असतो आणि तो मागायलाच हवा. मात्र त्या दुर्घटनांतून वाचलेली तेरा ते अठरा वर्षांची मुले आज कोणत्या मनःस्थितीत आहेत, हे कोणत्याच आढाव्यात सापडत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मी उमरगा तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरू लागल्यावर दहावीतला एक मुलगा पहिल्याच तासाला पेंगू लागला. आईवडील गेलेले, मागे आजी आणि धाकटी बहीण. रात्री पुन्हा जमीन हललीच तर त्यांना बाहेर कोण काढणार, म्हणून तो चप्पल घालूनच दाराशी जागत बसे. शाळेच्या लेखी तो आळशी ठरला. लहानग्याला कोणीही पोटाशी धरते. या वयाची मुले चारचौघांत सहसा रडत नाहीत, गप्प होतात नाहीतर गुरकावू लागतात आणि ‘आता घरचा कर्ता तूच’ असे सांत्वनाला आलेले पाहुणेच त्यांना बजावून जातात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतील कित्येक मुले निवासी आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. ज्यांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही मिळाले नाही आणि ‘आपणच कसे वाचलो’ हा प्रश्न ज्यांची पाठ सोडत नाही, त्यांचे दुःख पंधरा दिवसांच्या समुपदेशनाने कसे निवेल?

सुरुवातीला झोप उडणे, बारीकशा आवाजानेही दचकणे स्वाभाविकच असते आणि निवारा, शाळा व ओळखीची माणसे मिळाली की बहुतेक मुले त्यातून सावरतात. महिना उलटूनही ज्यांचा हा त्रास ओसरत नाही, त्यांना उपचारांची गरज असते. पण तोवर समुपदेशकांची पथके, आणि त्यांच्यामागून आलेले कॅमेरेही, परतलेले असतात. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे खरा, परंतु वसतिगृहातले मूल अधीक्षकांच्या फोनवरून, चार जणांसमोर काय बोलणार?

आपद्ग्रस्तांच्या मानसिक आधाराविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. त्यांना धरून, आपद्ग्रस्त मुले ज्या शाळांत शिकतात तेथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकाने किमान दोन वर्षे ठरलेल्या दिवशी यावे, पहिल्या पावसाच्या आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास तर न चुकता यावे, तसेच प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाला यासाठी प्रशिक्षण मिळावे. या कामाची तरतूद घरे आणि रस्त्यांबरोबर पुनर्वसनाच्या मूळ आराखड्यातच व्हावी, अशी शासनाला विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षक, उमरगा (जि. धाराशिव)