सोनेतारणाची नोटीस आणि फेलिक्सची सवड

मा. संपादक साहेब, सलाम.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एका पतसंस्थेची सोनेतारण लिलावाची जाहीर नोटीस आली होती, अर्धं पान भरून, बारीक अक्षरात, कर्ज खाते नंबर, नाव, गाव, किती ग्रॅम, आणि खाली शेवटची तारीख. असली नोटीस सहसा कोणी वाचत नाही, मी वाचते, वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचते. का वाचते ते आधी सांगते आणि मग मुद्द्यावर येते, कारण मला खरं तर आमच्या ख्रिस्ती मंडळींशी बोलायचंय आणि आमच्या वस्तीत तुमचा पेपर घरोघर येतो.

माझ्या आईच्या दोन पाटल्या होत्या, आजीने लग्नात घातलेल्या. भावाच्या डिप्लोमाच्या ॲडमिशनच्या वेळी वडिलांनी त्या पतसंस्थेत ठेवल्या, वर्षात सोडवू म्हणाले. व्याज थकलं. पहिलं पत्र साध्या टपालाने आलं, दुसरं रजिस्टरने, पोस्टमनने सही घेतली, वडिलांनी पाकीट फोडलं, वाचलं, घडी घालून भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलं आणि म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात, ऊस गेला की. मॅनेजरनी दोनदा फोन केला, दुसऱ्यांदा तर म्हणाले काका निदान व्याज तरी भरा, मी थांबवतो. त्या माणसाची काही चूक नव्हती हे मला लिहूनच ठेवायचंय, तो बिचारा आपल्याला सावध करत होता आणि आम्हाला वाटायचं हा मागे लागलाय. शेवटी नोटीस पेपरात आली, आमच्याच घरी येणाऱ्या पेपरात. वडील रोज चहासोबत पेपर वाचायचे, म्हणजे तो पण वाचला असणार. आईने नंतर तो भाकरीच्या डब्यात तळाला घातला. लिलाव होऊन पंधरा दिवस झाले होते, मी डबा घासायला काढला आणि तेलकट कागद उचलला तर डागाखाली वडिलांचं नाव, पुढे ३८ ग्रॅम. मी आईला दाखवलं. ती काही बोलली नाही, हात पुसले आणि नुसती मनगट चोळत बसली.

आपल्या मराठीत तारण हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. पतसंस्थेत दागिना तारण ठेवतात आणि चर्चमध्ये विचारतात तुझं तारण झालं का, म्हणजे पापातून सुटका झाली का. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं, आता वाटतं हा शब्द आपल्याला बरोब्बर मिळालाय. वस्तू आपली असते पण आपल्या हातात नसते, वर कर्ज रोज वाढत असतं, आणि एक तारीख ठरलेली असते. बायबलमध्ये कलस्सैकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल काय म्हणतो, तर आपल्या विरुद्ध असलेला तो कर्जाचा कागद देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळून रद्द केला. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी भरलं. येशूने स्वतः म्हटलंय की मी पुष्कळांसाठी माझा जीव खंडणी म्हणून द्यायला आलोय. ही जर बातमी असेल, आणि आम्ही ती खरी मानतो, तर ती ज्याला कळलीच नाही किंवा कळूनही ज्याने घड्याळामागे खोचून ठेवली त्याचं काय होणार, हा प्रश्न विचारायलाच पाहिजे ना?

पण हल्ली आमच्याकडे हा विचारतच नाहीत. मी पन्नास-बावन्न वर्षं चर्चला जातेय. माझ्या लहानपणी पाळक साहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला घ्यायचे, ज्यात पाच जणी दिव्याचं तेल आणायला जातात आणि तेवढ्यात नवरदेव येतो, तेव्हा दार बंद झालं या वाक्याला थांबायचे आणि सगळ्या चर्चमध्ये पंख्याचा आवाज तेवढा यायचा. आता संदेश म्हणजे टेन्शन कसं कमी करायचं, घरात शांती कशी ठेवायची, मुलांच्या करिअरसाठी प्रार्थना. वाईट काही नाही त्यात, गरज आहेच. पण पापाचे वेतन मरण आहे हे अर्धं वाक्य सुद्धा कानावर पडत नाही, आणि ते पडल्याशिवाय त्याच वचनाच्या उरलेल्या अर्ध्या भागाची, देवाच्या कृपादानाची, किंमत कशी कळणार. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, आला की आम्ही चांदण्या लावतो, करंज्या-केकची ऑर्डर घेतो, कॅरलची प्रॅक्टिस करतो. आगमनकाळ दोन येण्यांसाठी पाळायचा असतो, एक बेथलेहेमचं झालेलं आणि एक अजून व्हायचं, न्याय करायला येण्याचं. दुसऱ्याचं नाव कोणी काढत नाही. अंत्यविधीला तर जो जाईल तो थेट प्रभूच्या कुशीत गेला असंच सांगतात, मग तो आयुष्यभर कसाही वागलेला असो आणि चर्चकडे फिरकलेला नसो. घरच्यांना धीर द्यायला हवा हे मान्य, पण समोर दोनशे जिवंत माणसं बसलेली असतात त्यांना आपण काय सांगतो?

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात २४ व्या अध्यायात फेलिक्सची गोष्ट आहे, ती मला सारखी आठवते. हा कैसरियाचा रोमी सुभेदार, पौल त्याच्या कैदेत. आपली बायको द्रुसिल्ला हिला घेऊन तो एके दिवशी पौलाचं ऐकायला बसला. पौल कैदी होता, सुटका त्याच माणसाच्या हातात होती, गोड बोलून काम झालं असतं. पण तो नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यावर बोलला. न्यायाधीशाला सांगितलं की तुझाही न्याय आहे. आणि फेलिक्स घाबरला, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे त्याला पटलं होतं, शब्द आत गेला होता. तरी तो काय म्हणाला? आत्ता जा, मला सवड झाली की बोलावतो. नाही म्हणालाच नाही. सवड म्हणाला. पुढचं वाचा, त्याने पौलाला नंतर पुष्कळदा बोलावलं पण का तर हा काही पैसे देतो का बघायला, आणि अशी दोन वर्षं गेली, मग त्याच्या जागी फेस्त आला. एवढंच. ती सवड झाल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. माझ्या वडिलांचा पुढचा महिना आणि फेलिक्सची सवड मला एकच वाटते आणि माझ्या स्वतःच्या मनात सुद्धा ती कितीदा येते हे देवाला माहिती.

आता लोक या विषयाला कंटाळलेत किंवा चिडतात त्याला कारणं आहेत आणि ती आमच्यामुळेच झालीत. अमेरिकेत विल्यम मिलरच्या मागे लागून लोक २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभू येणार म्हणून वाट बघत बसले, काही झालं नाही. २०११ मध्ये तिथल्याच हॅरल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवरच्या प्रचारकाने २१ मे तारीख दिली, मोठमोठे बोर्ड लावले, काही झालं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली. मत्तयाच्या २४ व्या अध्यायात येशू सरळ सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच माहिती नाही, तरी माणसं तारखा काढतात आणि मग खऱ्या सूचनेवरचा विश्वास पण उडतो. दुसरं म्हणजे आपत्ती. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, झोपेत माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला की हा देवाचा कोप आहे. मला इतका राग आला की मी ग्रुपमध्ये लूक १३ वा अध्याय टाईप करून टाकला. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती, आणि येशूने विचारलं, ते काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते? नाही म्हणतो तो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. म्हणजे बोट मेलेल्यांकडे नाही दाखवायचं, जे जिवंत आहेत आणि मोबाईलवर फॉरवर्ड करतायत त्यांनी स्वतःकडे बघायचं. दरडीखालच्यांबद्दल बोलायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

आणि इतर धर्माचे वाचक हे वाचतील त्यांना सांगते, हे कोणाला भीती घालून धर्म बदलायला लावायला मी लिहीत नाहीये. नुसता धर्म बदलून तारण होत नाही, आमच्यात जन्मून सुद्धा होत नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळालेला नव्हता, तो पुढे कित्येक वर्षांनी सापडला. एवढी विद्वान बाई, संस्कृत पंडिता, आणि हे कबूल करायला लाजली नाही. आमच्यातले किती जण असं प्रामाणिकपणे म्हणतील? त्याच रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातून, गुजरातमधून उपाशी मुली, विधवा आणून केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना खाऊ घातलं, शिकवलं. १९०५ मध्ये त्याच मुक्तीत त्या मुली पापाच्या जाणिवेने रडायला लागल्या, तासन् तास प्रार्थना करायला लागल्या, ते जगभर गाजलं. मला यातली जोडी महत्त्वाची वाटते. न्यायाबद्दल बोलणारी बाई आणि विहिरी खणणारी, भाकरी देणारी बाई एकच होती. मत्तय २५ मध्ये मेंढरं आणि शेरडं वेगळी करताना राजा हेच तर विचारतो, मी भुकेला होतो तेव्हा काय केलंस. तारण कामांनी विकत मिळत नाही हे खरं, पण ज्याचं कर्ज फिटलंय त्याच्या घरातून दुसऱ्याला भाकरी जायला नको का?

न्यायाला देवाच्या घरापासून सुरुवात होणार असं येशूचा शिष्य पेत्र याने लिहिलंय. मग आमचं घर बघा. चर्चच्या जागांवरून कोर्टात केसेस, कमिटीच्या निवडणुकीत पैसे, लग्न जमवताना अजून पण जात विचारतात, दोन सख्खे भाऊ प्रभूभोजनाला एकाच रांगेत उभे राहतात आणि बाहेर आल्यावर बांधावरून बोलत नाहीत. हे सगळं माहिती असलेला पाळक त्या दोघांना भाकर आणि प्याला देतो आणि गप्प बसतो. यहेज्केल ३३ मध्ये पहारेकऱ्याचं आहे, तलवार येताना दिसली आणि त्याने शिंग फुंकलं नाही तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब त्याच्याकडून घेईन म्हणतो देव. हे वचन मी आमच्या पाळकांना वाचून दाखवलं, ते चांगले आहेत, म्हणाले ताई, लोक येणं बंद करतील. मी म्हटलं साहेब, त्या मॅनेजरने पण असाच विचार केला असता तर त्याने दुसऱ्यांदा फोन केला नसता.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. अकरा दिवस दवाखान्यात होते. सहाव्या की सातव्या रात्री मला म्हणाले, वाच काहीतरी. मी स्तोत्र काढायला लागले तर म्हणाले, ते नको, त्या चोराचं वाच. लूकचा २३ वा अध्याय. येशूच्या बाजूला टांगलेला तो माणूस, ज्याच्याकडे ना सवड ना पुढचा महिना, आणि येशू त्याला आज म्हणतो, आज तू माझ्याबरोबर असशील. वडिलांनी मला ते परत वाचायला लावलं. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, पाटल्यांचं माझ्याकडून चुकलं, तुझ्या आईला सांग. मी म्हटलं तुम्हीच सांगा, आई बाहेर बाकावर आहे. तिला आत बोलावलं. ते दोघं काय बोलले मला माहिती नाही, मी बाहेर थांबले, पण आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी याआधी तसा कधी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाळक साहेब आले तेव्हा वडिलांनी त्यांच्यासमोर एकेक करून बऱ्याच गोष्टी कबूल केल्या, एका चुलत्याचे पैसे देणं होतं ते पण, ते आम्ही नंतर दिले. पण दोघा चोरांपैकी एकानेच मागितलं होतं, दुसरा पण तितकाच जवळ होता, हे मी विसरत नाही. आणि सगळ्यांना अकरा दिवस मिळत नाहीत, माझ्या मावसभावाला हायवेवर एक मिनिट पण मिळालं नाही.

तर आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या पाळकांना, फादरांना माझी हात जोडून विनंती आहे, या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी न्यायाच्या दिवसावर बोला. ओरडून नाही, धमकी देऊन नाही, त्या मॅनेजरसारखं बोला. आणि संपादक साहेब, पत्र मोठं झालंय माहिती आहे, जागा नसेल तर पाटल्यांचं कापा पण फेलिक्सचं राहू द्या.

आपली एक जुनी वाचक,
श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर