गिल्मरचा आवाज : आधी ॲम्प, मग पेडल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड आणि त्याचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याच्या गिटारवर आलेला लेख वाचला. मराठी पुरवणीत प्रोग्रेसिव्ह रॉकला एवढी जागा मिळाली, याचा आनंद आहे. पण लेखाचा निम्मा भाग त्याच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात ‘स्ट्रॅट’) या इलेक्ट्रिक गिटारच्या लिलावात गेला आणि उरलेल्या भागात नवशिक्यांना ‘बिग मफ पेडल घ्या आणि “टाइम”चा सोलो बसवा’ असा सल्ला दिला आहे. (‘टाइम’ हे फ्लॉइडचे गाणे; पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारे यंत्र, यांच्यामध्ये जोडायचे, आवाज बदलणारे पायाशी ठेवायचे खोके.) तो ऐकून कोणी दुकानात गेले तर पैसे वाया जातील, म्हणून हे पत्र.

प्रथम लिलावाविषयी. जून २०१९ मध्ये ख्रिस्टीज या लिलावसंस्थेने न्यूयॉर्कमध्ये ती गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली, हे बरोबर. पण गिल्मरने १९७० साली घेतलेल्या त्या गिटारचा नेक नंतर अनेकदा बदलला गेला, ब्रिजजवळचा पिकअप (तारेचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकाचा भाग) बदलला, ऐंशीच्या दशकात तिच्यावर काहलर कंपनीचा ट्रेमोलो (तारांचा ताण बदलून सूर हलवणारा दांडा) बसवला आणि पुढे काढलाही. एवढी उलथापालथ होऊनही रेकॉर्डवर वाजवणारा ओळखू येतो. तेव्हा लाकडाच्या आणि मॉडेलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. साधी तीन सिंगल कॉइल पिकअपची कोणतीही बरी गिटार चालते. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातला सोलो तर स्ट्रॅटवर नाहीच. तो १९५५ च्या सोनेरी लेस पॉल गिटारवर, पी-९० जातीच्या पिकअपवर वाजवला आहे. गिटार थेट मिक्सिंग डेस्कमध्ये घालून रेकॉर्ड केली आणि मग तो आवाज ॲम्पमधून पुन्हा काढून त्यात मिसळला. स्ट्रॅटवर तो जाडपणा का येत नाही, याचे उत्तर हे आहे.

आता ‘टाइम’. हे गाणे ज्या रेकॉर्डवर आहे ती ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ ची. त्या काळात गिल्मरच्या पायाशी फझ फेस हे खरखर निर्माण करणारे वेगळे पेडल होते. बिग मफ आला तो पुढे, ‘ॲनिमल्स’ या रेकॉर्डच्या सुमारास, आणि ‘द वॉल’वरचा लांब, मलईदार आवाज त्याचा. ही दोन खोकी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फझ फेसमध्ये दोनच ट्रान्झिस्टर असतात. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला की तो जवळजवळ स्वच्छ होतो आणि पुन्हा वर नेला की ओरडतो. मफमध्ये चार टप्पे असतात. त्यांतले दोन आवाजाचे शेंडे छाटतात आणि टोनचे सर्किट मधल्या पट्टीचे, म्हणजे साधारण एक किलोहर्ट्झच्या आसपासचे, स्वर खाली दाबते. घरी एकट्याने वाजवताना हे फार भारदस्त वाटते. ड्रम आणि बास सुरू झाले की गिटार गायब! याला उपाय मफचा सस्टेन (खरखर वाढवून सूर लांबवणारे बटण) वाढवणे हा नव्हे. सस्टेन निम्म्याच्या किंचित पुढे, टोन निम्म्याच्या खाली ठेवावा आणि ॲम्पवरचा मिडल (मधल्या पट्टीचे बटण) चढवावा. साखळीत मफच्या नंतर एखादे हलके ओव्हरड्राइव्ह किंवा इक्वलायझर पेडल लावून मधली पट्टी भरून काढली तर आणखी चांगले.

फझ फेस लावणाऱ्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, तो साखळीत गिटारनंतर पहिला हवा, कारण त्याला गिटारचा पिकअप थेट ‘दिसावा’ लागतो. मध्ये बफर (सिग्नल जोरकस करणारे छोटे सर्किट) असलेला ट्यूनर किंवा दुसरे पेडल आले की तो कर्कश होतो आणि व्हॉल्यूमने स्वच्छ होणे बंद पडते. दोन, जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचा फझ तापमानाला हळवा असतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी आणि रात्री त्याचा आवाज वेगळा येणारच, त्यामुळे आपल्याकडे सिलिकॉनचा घेतलेला बरा. तीन, जुन्या पद्धतीचा जर्मेनियम फझ बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंडचा, म्हणजे इतर पेडलांच्या उलट ध्रुव जोडलेला, असतो. इतर पेडलांच्या सामाईक अ‍ॅडाप्टरवर तो जोडला की शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र बॅटरी द्यावी.

पण हे सगळे नंतर. लेखात ज्याचा उल्लेखही नाही, तो ॲम्प आधी. गिल्मरचा हायवॅट डीआर-१०३ हा शंभर वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प. त्याचे वैशिष्ट्य असे की आवाज कितीही वाढवला तरी तो बराच काळ स्वच्छ राहतो. त्याखाली डब्ल्यूईएम कंपनीच्या स्पीकर कॅबिनेटमध्ये फेन कंपनीचे बारा इंची स्पीकर. म्हणजे खरखर निर्माण करायची ती पेडलने, ॲम्पने फक्त ती न बिघडवता मोठी करायची. शिकणारे याच्या उलट करतात. छोट्या ॲम्पचे गेन चॅनल (ॲम्पमध्येच खरखर आणणारी बाजू) चालू ठेवून त्यात मफ ओततात. आधीच छाटलेला आवाज दुसऱ्यांदा छाटला जातो आणि उरतो तो नुसता चिखल. फ्लॅटमध्ये शंभर वॅट कोणी वाजवू देणार नाही, त्याची गरजही नाही. पंधरा-वीस वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्पही चालतो. क्लीन चॅनल लावावे, गेन कमी, मास्टर जास्त, बास निम्म्याखाली, मिडल निम्म्यावर. स्पीकर मात्र शक्यतो दहा इंचाचा तरी असावा. सहा इंची स्पीकर मफचा खालचा भार पेलत नाही, तो स्वतःच फाटल्यासारखा बोलू लागतो. हेडफोनवर मॉडेलर (ॲम्प आणि पेडलांची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) वापरणाऱ्यांनीही हायवॅटचे क्लीन मॉडेल निवडावे. तयार ‘फ्लॉइड’ प्रीसेटमध्ये हटकून गेन जास्त आणि एको दुप्पट असतो.

घरघरीबद्दल थोडे. सिंगल कॉइल पिकअप विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण पकडतोच आणि मफ ती शंभर पट करतो. पेडल खराब आहे असे समजून लोक ते बदलून आणतात. आधी थ्री-पिन सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे, जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते. मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे बंद करून ऐकावे. त्यानंतरही उरली तर बसल्या जागी अंग फिरवून गिटारची दिशा बदलावी. एका कोनात ती निम्म्याहून कमी होते. तेवढ्यात भागवावे, कारण नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे पेडल) लावला की सुरांच्या शेपट्या कापल्या जातात, आणि फ्लॉइडच्या संगीतात निम्मे काम त्या शेपट्याच करतात.

एकोचेही तसेच. सुरुवातीच्या रेकॉर्डवर बिन्सन एकोरेक हे इटालियन यंत्र आहे. त्यात टेप नसते. फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज लिहिला जातो आणि चार हेड तो वेगवेगळ्या अंतरावर वाचतात. सर्वांत लांबचा एको सुमारे ३०० मिलिसेकंदांचा. ‘द वॉल’च्या काळात डिजिटल डिले (एको देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आला आणि वेळ नेमकी लावता येऊ लागली. ‘रन लाइक हेल’ हा याचा उत्तम धडा. लय मिनिटाला साधारण ११७ मात्रांची. ६०,००० ला ११७ ने भागले की एका मात्रेचे ५१३ मिलिसेकंद येतात. त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे ३८५. गिल्मरचे सेटिंग ३८० च्या आसपासचे आहे. खालची ई तार डीवर उतरवावी, तळव्याने दाबून मात्रेला दोन असे एकसारखे ठोके द्यावेत. एको पाऊण मात्रेने परत येतो, म्हणजे बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो आणि दुगुनीची चौगुन ऐकू येते. एकोचा आवाज मूळ आवाजाच्या जवळपास, पुनरावृत्ती सात-आठ. हाताने चौगुन वाजवायला गेलात तर सगळे एकावर एक चढते. आणि हात जरा जरी पळाला तर यंत्र तो पळाल्याचे तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवते. तबल्याच्या रियाजाला लेहरा लावतात तसा इथे मेट्रोनोम हवाच.

सोलोसाठी मात्र एको मागे राहिला पाहिजे. ४५० मिलिसेकंदांच्या पुढेमागे, आवाज पाव भाग, पुनरावृत्ती चार-पाच. डिले नेहमी फझ आणि मफच्या नंतर. आधी लावला तर एकोचे सूरही मूळ सुरांबरोबर छाटले जातात आणि एकमेकांत कालवतात. ॲम्प स्वच्छ ठेवायचा तो यासाठीही.

आता बोटांकडे येतो. गिल्मर वेगवान वादक नाही. त्याचे सारे वजन तार ओढण्यात आहे, आणि सतारीची मींड ऐकलेल्या कानाला ते लगेच कळते. तो एका फ्रेटवरून दीड-दोन स्वर वर चढतो, वाटेत थांबतो, पोचल्यावर क्षणभर सूर सरळ ठेवतो आणि मगच हलवतो. बहुतेक जण चढता चढताच हलवायला लागतात, त्यामुळे सूर कधी लागतच नाही. सराव असा करावा : ज्या सुरावर पोचायचे तो आधी पुढच्या फ्रेटवर साधा वाजवून घ्यावा, मग मागे येऊन तार ओढून तोच गाठावा. अनामिकेने ओढावे आणि मागची दोन बोटे आधाराला ठेवावीत, जोर मनगटाचा लावावा. त्याच्या स्ट्रॅटवरचा तारांचा संच १०, १२, १६, २८, ३८, ४८ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असा आहे. नवशिक्याने ९ चा संच लावण्यात कमीपणा नाही.

दोन स्वर ओढताना पातळ तारेचा आवाज वरच्या फ्रेटवर एकदम मेला, तर दोष बोटाचा नाही. जुन्या धाटणीच्या गोलाकार नेकवर ओढलेली तार पुढच्या फ्रेटला टेकते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन मिलिमीटरपर्यंत वाढवली की बहुधा सुटते. ब्रिज तरंगता असेल तर एक तार ओढली की बाकीच्या उतरतात. त्यासाठी मागच्या स्प्रिंगांचा ताण वाढवून ब्रिज बॉडीजवळ आणावा. कोकणपट्टीवर पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्याने पुसाव्यात. गंजलेली तार ओढताना अडखळते.

स्वरांबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. रॉकचे गिटारवादक जी मायनर पेंटॅटॉनिक ही पाच सुरांची पट्टी घोकतात, तिचे स्वर म्हणजे आपल्या धानी रागाचे : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. फ्लॉइडमध्ये तिच्याखालचे कॉर्ड मात्र अनेकदा त्यात शुद्ध धैवत आणतात. ‘ब्रीद’मध्ये ई मायनर ते ए, ‘अनदर ब्रिक’च्या दुसऱ्या भागात डी मायनर ते जी. दोन्हीकडे हा काफी थाट झाला. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मधले ते चार सूर घ्या : बी फ्लॅट, एफ, जी, ई. जीला षड्ज मानले तर कोमल ग, कोमल नी, सा आणि शेवटी शुद्ध ध. तो शेवटचा धैवत पहिल्या गंधारापासून तीव्र मध्यमाइतक्या अंतरावर पडतो, आणि चारही सूर एकमेकांत घुमू दिलेले असल्यामुळे ते अंतर कानाला टोचत राहते. बोट लवकर उचलले की टोचणी गेली. याचा अर्थ त्यांनी राग वाजवले असा नाही, तसले दावे करू नयेत. पण ज्याला काफीतला धैवत ओळखता येतो, त्याला या सोलोत कुठे थांबायचे ते पुस्तकाशिवाय कळेल.

ऐकण्याचा क्रमही लेखात उलटा दिला आहे. बँडचा पहिला गिटारवादक-गायक सिड बॅरेट याच्या १९६७ च्या रेकॉर्डपासून सुरुवात करणारा माणूस गोंधळतो, कारण त्यात गिल्मर नाहीच. तो १९६८ च्या सुरुवातीला आला. ‘उमागुमा’ची स्टुडिओत केलेली बाजू तर नंतरही नाही ऐकली तरी चालेल. सुरुवात ‘मेडल’ या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूने करावी. तिथे ‘एकोज’ हे एकच, तेवीस मिनिटांचे गाणे आहे. त्यातली पक्ष्यांसारखी किंकाळी म्हणजे उलटे जोडलेले वा-वा पेडल : गिटार आउटपुटला, ॲम्प इनपुटला. मग गिटारचा टोन फिरवला की ती वर-खाली होते. मध्ये बफर असला तर मात्र होत नाही. पुढे ‘विश यू वेअर हिअर’, मग ‘डार्क साइड’, मग ‘ॲनिमल्स’, आणि शेवटी ‘द वॉल’. ॲपवर ऐकताना शफल बंद आणि क्रॉसफेड (एक गाणे दुसऱ्यात मिसळण्याची सोय) शून्यावर ठेवावा, नाहीतर जोडून रचलेल्या गाण्यांचे सांधे उखडतात. बोटे पाहायची असतील तर १९७१ च्या ऑक्टोबरात पॉम्पेईच्या रिकाम्या रंगमंडलात एड्रियन मेबनने केलेले चित्रीकरण पाहावे. २००७ च्या फेब्रुवारीत बँडचा माजी बासवादक रॉजर वॉटर्सने मुंबईत ‘डार्क साइड’ सादर केला, पण तिथे गिल्मर नव्हता.

‘ॲनिमल्स’मधल्या ‘डॉग्ज’बरोबर वाजवायला बसलेल्यांचे कॉर्ड जुळत नाहीत, अशी तक्रार नेहमी येते. त्यात गिटारच्या सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली लावलेल्या आहेत. पुढच्या वेळी अशी गाणी सुचवताना लेखकाने गाण्याच्या नावासमोर तारांची जुळणी आणि लय, या दोन गोष्टी छापाव्यात, एवढी विनंती.

आपला,
एक गिटारशिक्षक, पुणे